छातीत दुखतंय म्हणजे नेमकं कुठं?

आमची आक्का आंदर मावळातली. टाकव्याच्या पुढे ठोकळवाडी धरणाच्या कडेकडेनं रस्ता जातो ना, त्या अंगाला तिचं गाव. पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या आणि दिवाळीनंतर घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन ती लोणावळ्याला येते. आधी वडापच्या जीपनं कान्हे, मग लोकल. आमच्या महिला मंडळानं त्या भागात बचत गट सुरू केले तेव्हापासूनची आमची ओळख. मी तिला आक्का म्हणते, ती मला वैनी. वयानं ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण तिला दोन नातवंडं आहेत आणि मी अजून मुलीच्या परीक्षांच्या काळजीत!

२०२३ सालच्या भात लावणीत, वाकून वाकून अंग आंबलेलं असताना, आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. तिनं कुणालाच सांगितलं नाही. लावणी झाली, गौरी-गणपती झाले, कापणी, झोडणी झाली. त्या दिवाळीनंतर ती तांदूळ घेऊन माझ्या दारात आली होती. चहा प्यायली, माझ्या मुलीची चौकशी केली, पैसे मोजून कनवटीला लावले आणि गेली. तेव्हाही ती गाठ होतीच. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग गाठीच्या जागी ठसठसायला लागलं आणि हात वर केला की ओढ बसायला लागली. मुलाला ती एवढंच म्हणाली, "छातीत दुखतंय." मुलगा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, चांगला सुधारलेला आहे. त्यानं रजा टाकून दवाखाना गाठण्याऐवजी मोबाइलवर डॉक्टर मिळवला. आजकाल अशा कितीतरी सोयी आहेत. फोन भिंतीला टेकवून ठेवला, आई समोर, मुलगा बाजूला, सून दारात, नातू मांडीवर. पडद्यावर एक तरुण डॉक्टर आले.

"कुठं दुखतंय?"

"छातीत."

"डाव्या बाजूला का?"

"व्हय."

"हात दुखतो का?"

"हात वर केला की वढ बसती."

"चढ चढताना दम लागतो?"

यावर आक्का म्हणाली, "डोंगर चढायचा म्हंजी दम लागनारच की!"

झालं. अट्ठेचाळीस वर्षांची बाई, डाव्या छातीत दुखणं, हाताला ओढ, दम लागणं. डॉक्टरांनी इसीजी काढायला सांगितला, पित्ताच्या गोळ्या दिल्या. मुलानं लगोलग आईला नेऊन इसीजी काढला. तो अगदी छान आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आक्कालासुद्धा! "मशिनीनं सांगितलं काय न्हाई, मंग मी पन म्हनलं काय नसंल," असं तिनं नंतर मला सांगितलं. या हायसं वाटण्यात पुढचे अडीच महिने गेले.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. छाती म्हटल्यावर त्यांनी हृदयाचा विचार केला, तो शहाणपणाचाच होता. मुलाचं तरी काय चुकलं? पण मुलगा, सून आणि नातू बसलेले असताना आक्कानं 'छाती' याहून वेगळा कुठला शब्द उच्चारायचा? पुस्तकातला 'स्तन' हा शब्द तिनं आयुष्यात कधी तोंडातून काढलेला नाही. गावात जो शब्द आहे तो परक्या पुरुषासमोर, त्यातही पोटच्या पोरासमोर काढायचा नसतो. खरं सांगू? मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, चार सभांमध्ये बोलते, पण माझीही जीभ तिथं अडखळते.

हे लिहायला बसले आणि सासूबाई आठवल्या. २००४ साली त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. माझं नुकतंच लग्न झालेलं. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचे उपचार चालू होते. सकाळची सिंहगड एक्स्प्रेस पकडायची, एका हातात एक्स-रेची भलीमोठी पिवळी पाकिटं, दुसऱ्या हातात डबा. दिवसभर बाकावर बसायचं आणि चार वाजता कळायचं की रिपोर्ट आलेला नाही, गुरुवारी या. गुरुवारी गेलं की पांढऱ्या पेशी कमी, आठ दिवसांनी या. घाटात गाडी थांबली की सासूबाई खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून घ्यायच्या. त्यांना आजारापेक्षा प्रवासच जास्त भोवला, असं मला आजही वाटतं. गंमत म्हणजे त्याच्या आधीच, २००१ पासून, आपल्या इस्रोनं उपग्रहाच्या मदतीनं लहान गावांतले दवाखाने मोठ्या रुग्णालयांना जोडून द्यायला सुरुवात केली होती. इकडचा डॉक्टर रिपोर्ट दाखवतो, तिकडचा तज्ज्ञ पडद्यावर बघून सल्ला देतो. पण ती सोय निवडक ठिकाणी होती. आम्हाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

म्हणून कोरोनाच्या काळात, २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. फोनवरून, व्हिडिओवरून तपासणं आणि औषध लिहून देणं याला त्यामुळे रीतसर चौकट मिळाली. पाठोपाठ एप्रिलमध्ये सरकारची ई-संजीवनी ओपीडी घराघरातल्या फोनवर आली. त्या नियमावलीतल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येकीला माहीत हव्यात. पडद्यावर जो कोणी बोलतोय त्यानं आपलं नाव सांगायला हवं आणि त्याच्या चिठ्ठीवर वैद्यकीय नोंदणीचा क्रमांक हवा. तो तुम्ही हक्कानं विचारू शकता. आणि हात लावून तपासल्याशिवाय निदान होणार नाही असं वाटलं तर डॉक्टरांनी फोनवर न उरकता प्रत्यक्ष बोलवायला हवं. पण त्यासाठी 'गाठ आहे' हे त्यांच्या कानावर पडायला हवं ना! आक्काचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

तिची सुटका केली ती गावच्या आशाताईनं. २०२४ च्या फेब्रुवारीत ती फॉर्म भरायला घरी आली. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म भरायचा असतो. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असे प्रश्न असतात आणि बायकांसाठी वेगळे. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का, आकार बदललाय का, पाळी गेल्यावर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का. आशाताई शहाणी. तिनं हे प्रश्न ओसरीवर विचारले नाहीत. "चल आक्का, गोठ्यात तुझी नवी कालवड दाखव," म्हणून तिला मागं नेलं. तिथं शेणाची पाटी पालथी घालून दोघी बसल्या आणि तिनं विचारलं. आक्का मला म्हणाली, "वैनी, तिनं नाव घेऊन इचारलं म्हनून मला हाय म्हनता आलं. मला सोताहून न्हाई सांगता आलं."

दुसऱ्या दिवशी दोघी उपकेंद्रात गेल्या. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ही एक तरुण मुलगी. तिनं दार लावून, पडदा ओढून हातानं तपासलं. गाठ आवळ्याएवढी होती, काखेतही एक लागली. मग तिनं ई-संजीवनीवर डॉक्टरांना जोडून घेतलं. या वेळी पडद्यापलीकडच्या डॉक्टरांशी आक्काला काहीच बोलावं लागलं नाही. 'डावा स्तन, बाहेरचा वरचा भाग, साधारण तीन सेंटिमीटर, काखेत गाठ' असं त्या मुलीनंच सांगितलं. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात. आठवड्याच्या आत तळेगावला मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून तपासणी झाली.

पहिल्या वेळी फोन होता आणि दुसऱ्या वेळीही फोनच होता. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी फोनच्या अलीकडे एक शिकलेली बाई होती, तिचे हात होते आणि लावायला एक दार होतं.

हे नुसतं माझं मत नाही हं. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये जवळजवळ दीड लाख बायकांचा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या. त्यात तपासणी करायला डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. गर्भाशयमुखाला पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड, म्हणजे आपलं व्हिनेगरच, लावून बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच प्रकल्पात या बायकांनी हातानं स्तनांची तपासणीही केली. वीस वर्षांचे आकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? शिकवलेली बोटं आणि व्हिनेगरची बाटली!

आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं सव्वा लाखाहून अधिक बायकांचा असाच अभ्यास झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो त्याची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू निम्म्यावर येतात हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. हे महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बायकांनी जगाला दिलेलं ज्ञान आहे, पण आपल्याला ते कुणी सांगत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाची तपासणी कधी केली आहे का. देशभरात शंभरात दोघीही 'हो' म्हणाल्या नाहीत. स्तनांच्या तपासणीला तर शंभरात एकही नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एक जण 'हात न लावता, कपड्यांची अडचण न होता' उष्णतेच्या कॅमेऱ्यानं स्तनांची तपासणी करणारं शिबिर घ्या म्हणून आले होते. बायकांना ते लगेच आवडलं, लाजेचा प्रश्नच मिटला! पण मी चौकशी केली तेव्हा कळलं की अशी तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वारंवार बजावलंय. यंत्र उद्या सुधारेलही. पण तिथं 'काही नाही' आलं म्हणून हाताला लागणारी गाठ घेऊन कुणी घरी बसली, तर तो आक्काचा इसीजीच झाला की. आम्ही शिबिर घेतलं नाही. त्यावरून मंडळात थोडी नाराजी झाली, ती अजून आहे.

आक्काचं निदान झालं. उपचार पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग किरण, असं ठरलं. लगेच भावकीतून सूर निघाला, "पुन्यात कशाला, मुंबैला टाटात न्या!" मुलगा गांगरला. तेव्हा आम्हाला फोनचा खरा उपयोग कळायला लागला. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरी बसून घेता येतं. कॅन्सर ग्रिड म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेलं कर्करोग रुग्णालयांचं जाळं, आज त्यात देशातली तीनशेहून जास्त रुग्णालयं आणि संस्था आहेत. माझ्या मुलीनं आक्काच्या मुलाला शेजारी बसवून सगळे रिपोर्ट पाठवले. उत्तर आलं की पुण्याच्या डॉक्टरांनी आखलेला उपचार योग्यच आहे. त्या एका कागदानं भावकी गप्प बसली आणि मुंबईच्या चकरा वाचल्या. (शुल्काची आणि सवलतीची चौकशी मात्र आधीच करून घ्यावी.)

रिपोर्टचे फोटो काढतानाही अक्कल लागते. आधी मुलानं पाठवलेल्या फोटोत अर्धा कागद आणि अर्धा त्याचा अंगठा! कागद जमिनीवर सपाट ठेवायचा, दारातल्या उजेडात, चारही कोपरे दिसले पाहिजेत. तारीख आणि नाव दिसलं पाहिजे. आणि फोटो काढले म्हणून फाइल माळ्यावर टाकायची नाही. गाठीचा तुकडा तपासतात तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयाला पुन्हा तपासायचा असेल तर तो मागून नेता येतो. तो कुठं आहे हे घरातल्या कुणाला तरी माहीत हवं.

केमो दर तीन आठवड्यांनी असे. त्याच्या आदल्या दिवशी कामशेतला रक्त तपासायचं आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर रुग्णालयातून 'या' म्हणून निरोप, नाही तर 'चार दिवस थांबा'. दोनदा असं थांबावं लागलं. सासूबाईंच्या वेळी हेच ऐकायला आम्ही घाट उतरून जात होतो! उलट्या होतायत, तोंड आलंय, हातापायाला मुंग्या येतायत, अशा तक्रारींवर सिस्टर फोनवर सांगायच्या. शस्त्रक्रियेनंतर हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटांनी 'चढायचा' व्यायाम असतो, तोही व्हिडिओवर शिकवला. आक्का चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवायची, आज हात कुठवर गेला ते बघायला. सारवलेल्या भिंतीवरच्या त्या रेघा मी पाहिल्या आहेत.

पण जुलै २०२४ मधली ती रात्र. सहाव्या केमोनंतरचा दहावा दिवस. बाहेर मावळातला पाऊस, म्हणजे तुम्हाला सांगायला नको. वीज सकाळपासूनच गेलेली. रात्री नऊला आक्काला हुडहुडी भरली. थर्मामीटर १०१ दाखवत होता. केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, हे फाइलवर लाल पेनानं लिहिलेलं होतं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. पण सून म्हणाली, आधी फोन करून विचारू. आणि फोनला रेंज नाही. मुलगा मोटारसायकल काढून, डोक्यावर खताचं पोतं घेऊन, जिथं रेंज मिळते त्या वळणापर्यंत गेला. तिथं पाऊण तास खटपट केल्यावर सिस्टरचा फोन लागला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला फोन कशाला करत बसलात? आधी निघा!"

शेजारच्यांच्या जीपनं रात्री साडेअकराला ती तळेगावच्या रुग्णालयात पोचली. पांढऱ्या पेशी फारच कमी निघाल्या. सहा दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावे लागले. ती वाचली. आणखी दोन तास गेले असते तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. ते मुलानं आईला आजवर सांगितलेलं नाही. तेव्हा फोन हाताशी असला तरी काही वेळा तो न करताच निघायचं असतं. ज्यांच्या घरी केमो चालू आहे त्यांनी कुणाची जीप, कुठलं रुग्णालय, पैसे कुठं ठेवलेत हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावं. आम्ही नंतर गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर आक्काच्या दारामागे खडूनं लिहून ठेवले.

फोनवर न होणारी आणखी कामं आहेत. किरणांचा उपचार रोज तिथं जाऊनच घ्यावा लागतो. दिवाळीनंतर तीन आठवडे आक्का पुण्यात नणंदेकडे राहिली. आणि दुखण्याचं शेवटचं औषध, मॉर्फिन, हे फोनवरच्या सल्ल्यानं लिहून देताच येत नाही, नियमावलीत तशी स्पष्ट मनाई आहे. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलाय त्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं परिहार सेवा केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य काळजी घेतं. सासूबाईंच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याची माहिती आम्हाला असती तर! असो.

आणि ठकसेनांची एक नवी जात निघालीय. आमच्या मंडळातल्या एकीनं मोठ्या रुग्णालयाचा नंबर मोबाइलवर शोधला. समोरचा गोड बोलला, नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा म्हणून एक दुवा पाठवला. तिनं तो दाबला आणि खात्यातले अठरा हजार गेले. तो नंबर रुग्णालयाचा नव्हताच. नंबर नेहमी केसपेपरवरून घ्यावा किंवा आशाताईकडून.

आता पुन्हा आक्काच्या त्या पहिल्या फोनकडे येते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. फोन कुणाचा होता? मुलाचा. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं की तुमचा स्वतःचा, स्वतः वापरायचा मोबाइल आहे का. देशात शंभरातल्या ५४ बायकांकडे तो होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या शंभरात ३३. म्हणजे घरबसल्या डॉक्टर ही सोय जिच्यासाठी आली, तिला निम्म्या घरांत तो फोन कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो. आणि मागताना 'कशाला हवाय?' याचं उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर देण्यापेक्षा गाठ अंगावर काढणं सोपं वाटतं.

त्यात आपली भाषा. 'अंगावरून जातं', 'अंग बाहेर येतं', 'पांढरं जातं', 'बाजूला बसले', ही आपली वाक्यं एकमेकींना बरोबर कळतात. पडद्यापलीकडे लांबच्या जिल्ह्यातला तरुण डॉक्टर असेल तर त्याला काय कळणार? म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही मंडळात एक उद्योग सुरू केलाय. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, हिशेब झाले की, एक जण डॉक्टर होते आणि एक जण पेशंट. मधे वाटीला टेकवून ठेवलेला मोबाइल. पेशंटनं नेमकं सांगायचं. कुठं, कधीपासून, केवढी. हरभऱ्याएवढी, आवळ्याएवढी की लिंबाएवढी, हलते की घट्ट आहे, वरची कातडी ओढल्यासारखी दिसते का. आणि नाव घेऊन सांगायचं, नुसतं 'छाती' म्हटलं की डॉक्टर झालेली बाई "पुन्हा सांगा!" म्हणते. पहिल्या शनिवारी पदर तोंडात धरून सगळ्या अर्धा तास हसत होत्या. दोघी उठून गेल्या. तिसऱ्या महिन्यात त्या परत आल्या. पाचव्या महिन्यात त्यांच्यातली एक घरी जाताना थांबली आणि म्हणाली, "मला खरंच सांगायचंय." तिची गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण ती दोन वर्षं ती घेऊन बसली होती.

या शनिवारच्या तालमीत आक्का दोनदा डॉक्टर झाली. अगदी दरडावून विचारते!

बचत गटातून कर्ज काढून तिनं यंदा स्वतःचा फोन घेतलाय, तांदळाच्या पैशातून फेडतेय. रोज एक गोळी घ्यायची असते, त्याची घंटा त्यात लावून ठेवलीय. तपासणी आता काही महिन्यांनी असते, एकदा प्रत्यक्ष आणि एकदा व्हिडिओवर. पुढची व्हिडिओची आहे, मंगळवारी अकराला, उपकेंद्रातच, कारण तिथं रेंज बरी मिळते आणि दार लागतं. मुलगा म्हणाला, रजा टाकून येऊ का? तर म्हणाली, "ये. पर भायेर बस."

परवा तांदूळ घेऊन आली होती. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "वैनी, आन तुमी कवा तपासून घ्येतलं?"

मी कॅलेंडर काढलं.